चाळीस पेल्यांचे ताट : प्रभुभोजनाच्या संचाचे परीक्षण

मंडळीसाठी, म्हणजे चर्चच्या सभासदांसाठी, प्रभुभोजनाचा (येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षरस वाटून घेण्याच्या विधीचा) नवा संच घ्यायचे ठरले की कमिटीत पहिला प्रश्न किमतीचा निघतो आणि दुसरा चकाकीचा. पहिल्या बाकावर जे ताट फिरले, तेच ताट, तसेच भरलेले, व्हरांड्यात बसलेल्या माणसापर्यंत पोहोचेल का, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. बायबलच्या नव्या करारातील याकोबाच्या पत्राचा पक्षपाताविषयीचा दुसरा अध्याय वाचणाऱ्या मंडळीने खरेदीच्या वेळी तोच प्रश्न आधी विचारायला हवा, असे माझे मत आहे आणि हे परीक्षण त्याच कसोटीवर लिहिले आहे.

आमची मंडळी अहिल्यानगर जिल्ह्यातील, साखर कारखान्यांच्या टापूतील आहे. प्रभुभोजन महिन्याच्या पहिल्या रविवारी असते. उसाचा हंगाम सुरू झाला की तोडणीला आलेली ख्रिस्ती कुटुंबेही उपासनेला येतात आणि मग मंदिरातील बाके पुरत नाहीत. पूर्वीचा संच अपुरा पडू लागला, काचेचे निम्मे पेले फुटले, म्हणून सुगीच्या उपासनेत लोकांनी आणलेल्या वस्तूंच्या लिलावातून जमलेली रक्कम बाजूला ठेवून पुण्यातील ख्रिस्ती साहित्याच्या एका दुकानातून नवीन ताटे मागवली.

संच असा आहे. स्टेनलेस स्टीलचे, साधारण फूटभर व्यासाचे गोल ताट. त्याच्या आत पेले अडकवण्यासाठी भोके पाडलेली चकती. एकात एक अशा वर्तुळांत मिळून चाळीस भोके. सर्वांत वर क्रुसाची मूठ असलेले झाकण. ताटावर ताट नीट बसते, त्यामुळे तीन ताटांची चळत मेजावर फारशी जागा घेत नाही. पॉलिश चांगले आहे, कडा हाताला लागत नाहीत आणि पुष्कळदा धुतल्यानंतरही सांध्यांत गंज दिसला नाही. पेले काचेचे, जाड बुडाचे, जेमतेम करंगळीच्या दोन पेरांएवढे उंच आहेत. भरण्यासाठी लांब चोचीची प्लास्टिकची बाटली सोबत मिळते. तिने द्राक्षरस न सांडता पटापट भरता येतो, मात्र पहिले काही पेले काठोकाठ आणि शेवटचे अर्धे, असे होऊ नये म्हणून भरणाऱ्याला हात आवरता घ्यावा लागतो. एवढ्यापुरते बोलायचे तर माल चोख आहे.

उणीव भोकांत आहे. चकतीतली भोके खोल आणि घट्ट असल्यामुळे पेल्याचा फक्त काठ वर राहतो आणि तो चिमटीत धरून उचलावा लागतो. शिक्षकाला, कारकुनाला, शाळकरी मुलांना ते सहज जमते. खुरपणी आणि तोडणी करून ज्यांची बोटे जाड झाली आहेत किंवा संधिवाताने वाकली आहेत, त्यांची मात्र पंचाईत होते. दुसऱ्या रांगेतल्या एका आजींना मी पाहिले आहे. ताट समोर आले की त्या दोनदा बोटे घालतात, शेजारचे पेले एकमेकांवर किणकिणतात, लोक वळून बघतात, आणि मग त्या हात मागे घेऊन मान हलवतात, जणू त्यांना प्याला नकोच होता. ज्याने हे ताट घडवले त्याने ते बहुधा आपल्याच बोटांनी तपासले असावे. दुकानात दुसरा एक नमुना होता, त्यात पेला अर्धा वर राहतो. पण वापरलेला माल परत घेत नाही, असे सांगून दुकानदाराने अदलाबदल नाकारली. घेणाऱ्यांनी म्हणून दुकानातच भरलेला पेला उचलून पाहावा, आणि तोही मंडळीतल्या सर्वांत वयस्कर माणसाला सोबत नेऊन.

ही तक्रार कोणाला क्षुल्लक वाटेल. पण प्रभुभोजनाच्या मेजावर क्षुल्लक गोष्टींतूनच माणसामाणसांत फरक पडत आला आहे, आणि नव्या करारात त्याचे दाखले आहेत. प्रेषित पौलाने करिंथ शहरातील मंडळीची जी कानउघाडणी केली, ती याच भोजनावरून. तिथे मंडळी कोणा ऐपतदार बंधूच्या घरी जमत असे. रोमन पद्धतीच्या घरात जेवणाच्या दालनात साधारण नऊ जण टेकून बसू शकत. बाकीच्यांची सोय बाहेरच्या चौकात होत असणार. रिकामा वेळ असलेले लोक आधी येऊन खाऊनपिऊन घेत, आणि मालकाचे काम आटोपून दास आणि मजूर येत तेव्हा भांडी रिकामी झालेली असत. एक भुकेला राहतो आणि दुसरा मस्त होतो, असे पौल लिहितो आणि शेवटी साधी सूचना करतो की भोजनासाठी एकत्र याल तेव्हा एकमेकांची वाट पाहा. आमच्याकडे उशिरा येणारे कोण असतात, हे निराळे सांगायला नको. पहाटेपासून फडात राबणारा माणूस घंटेच्या ठोक्याला मंदिरात हजर राहू शकत नाही.

याकोबाने चित्र आणखी जवळून काढले आहे. सभेत सोन्याची अंगठी घातलेला, झकपक कपड्यांतला माणूस येतो. त्याच वेळी मळक्या कपड्यांतला एक गरीबही येतो. पहिल्याला चांगली जागा दाखवली जाते. दुसऱ्याला तिथे उभा राहा, नाहीतर माझ्या पायाशी बस, असे सांगितले जाते. शिवीगाळ नाही, हाकलून देणे नाही; फक्त बसण्याची व्यवस्था. तरीही याकोब तिला पाप म्हणतो, आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर या नियमाला राजमान्य नियम म्हणून लगेच पुढच्या वचनात पक्षपात करणाऱ्याला नियमभंग करणारा ठरवतो. ही दोन्ही वचने तो मनाने जोडत नाही. जुन्या करारातील लेवीय या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात शेजाऱ्यावरील प्रीतीची आज्ञा अठराव्या वचनात आहे आणि न्यायात कोणाचे तोंड पाहू नका ही आज्ञा पंधराव्या वचनात, म्हणजे अवघ्या तीन वचनांच्या अंतरावर. तिथे एक गोष्ट अशीही आहे की जी आपण सोयीने विसरतो: थोरामोठ्यांची भीड धरू नका इतकेच नव्हे, तर गरीब आहे म्हणून गरिबाचीही तरफदारी करू नका, असे ते वचन सांगते. मजुरांना कौतुकाने पुढे बसवून, सर्वांना दाखवून, सर्वांआधी प्याला देणे हाही उपाय नव्हे, असा त्याचा अर्थ मी घेतो. मेजावर माणूस माणूस म्हणून यावा आणि त्याला इतरांना मिळाले तेच मिळावे.

एका प्याल्यातून सर्वांनी पिण्याची जुनी रीत सोडून लहान पेल्यांकडे लोक का वळले, हेही इथे पाहायला हवे. कारण ताटाची बाजू घेणारे नेहमी आरोग्याचे कारण देतात. ते कारण खोटे नाही. रॉबर्ट कोख यांनी १८८२ साली क्षयाचे जंतू शोधून काढले आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत अमेरिकेतील प्रॉटेस्टंट मंडळ्यांत सामाईक प्याल्याविषयी धास्ती पसरली. ओहायोतील जे. जी. थॉमस हे पाळकही (चर्चचे धर्मगुरू) होते आणि डॉक्टरही. पेल्यांच्या संचाचे पेटंट त्यांनी १८९४ साली मिळवले. द्राक्षरसाची सोय त्याआधीच झाली होती, कारण न्यू जर्सीतील मेथडिस्ट दंतवैद्य थॉमस वेल्च यांनी १८६९ साली रस आंबू न देता बाटलीत टिकवण्याची रीत बसवली होती. आज आपल्या मेजावर जे ताट आणि जो रस असतो, त्यांचा उगम हा असा आहे.

पण हिंदुस्थानात वेगळ्या प्याल्याचा इतिहास याहून जुना आहे आणि त्याचा जंतूंशी काडीचा संबंध नाही. कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी १८३३ साली दक्षिणेतील मंडळ्यांना जातिभेदाविषयी पत्र लिहिले. ख्रिस्ती झालेले लोक जातीप्रमाणे मंदिरात वेगवेगळ्या बाजूंना बसतात, प्रभूच्या मेजाशी वेगवेगळ्या वेळी येतात, एकेकाळी त्यांचे प्यालेही वेगळे होते, किंवा खालच्या मानलेल्या जातींची पाळी येण्यापूर्वी उपदेशकाकडून प्याला बदलून घेतला जाई, असे त्या पत्रात नमूद आहे. जातिभेद निश्चयाने, तत्काळ आणि कायमचा सोडला पाहिजे, असे विल्सन यांनी बजावले, आणि ते मान्य नसलेले अनेक जण तंजावर भागात मंडळी सोडून गेले. थॉमस यांच्या पेटंटला तेव्हा आणखी साठ वर्षे अवकाश होता.

मराठी मुलखात गोष्ट वेगळी होती, असे म्हणण्याचा मोह होतो. नगरला अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ साली सुरू झाले आणि सुरुवातीच्या दशकांत तिथल्या मंडळीत ब्राह्मणांतून आलेले आणि महारांतून आलेले बंधू एकत्र होते. तरी माणसाच्या हाताला पाण्याच्या भांड्याची सवय मोडायला वेळ लागतो. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा आणि लक्ष्मीबाईंचा १९०० चा; मधल्या काळात त्या पतीजवळ परत आल्यावरही सोवळेओवळे कसे पाळत होत्या आणि ते कसे गळत गेले, हे त्यांनी स्वतःच विलक्षण मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. ज्यांना त्यांच्याइतका प्रामाणिकपणा जमला नाही, अशांना लहान पेल्याने पुढे एक सभ्य पळवाट दिली नसेल, असे छातीठोकपणे कोण सांगेल? म्हणून आरोग्याचे कारण पुढे करणाऱ्याला मी एकच विचारतो: हाच नियम तुमच्या घरच्या पाण्याच्या तांब्याला सगळ्यांसाठी सारखा आहे का? उत्तर होय असेल तर प्रश्न मिटला.

अनेक प्रॉटेस्टंट पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला झाली, तेव्हा एक प्याला वापरणारे आणि लहान पेले वापरणारे असे दोन्ही परंपरांचे लोक एका छत्राखाली आले. त्यामुळे आज महाराष्ट्रात शेजारशेजारच्या गावांत दोन्ही रिती दिसतात आणि त्यांपैकी एकच शास्त्रशुद्ध आहे, असा माझा दावा नाही. करोनानंतर अनेक ठिकाणी सामाईक प्याला मागे पडला, हेही समजण्यासारखे आहे. लहान पेल्यांच्या बाजूने एक गोष्ट मी आनंदाने नोंदवतो. ताट बाकावरून हातोहात जाते तेव्हा प्रत्येक जण शेजारच्यासाठी ते धरून उभा राहतो. बँकेतला साहेब ताट धरतो आणि त्याच्या शेजारची भाजीवाली पेला उचलते; मग ती धरते आणि पुढचा उचलतो. कमिटीच्या सभेत जे घडत नाही ते इथे घडते. म्हणूनच भोकांची उणीव मला इतकी खुपते: जे ताट हे काम इतके सुंदर करते, तेच वाकलेल्या बोटांना अडवते.

आता खरेदीत घडलेला प्रकार सांगतो, कारण तो प्रत्येक लहान मंडळीत घडू शकतो. रक्कम अपुरी पडली. दोन ताटांना काचेचे पेले मिळाले आणि तिसऱ्यासाठी कमिटीने प्लास्टिकचे, एकदा वापरून टाकण्याचे पेले घेतले. निर्णय हिशेबाचा होता, त्यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. वाटप सुरू झाल्यावर काचेची ताटे पुढच्या आणि मधल्या बाकांवर गेली, कारण ती मेजावर वर ठेवलेली होती. प्लास्टिकचे ताट तळाशी होते म्हणून ते शेवटी निघाले आणि शेवटी म्हणजे मागच्या चटईवर आणि व्हरांड्यात. महिन्यामागून महिने हेच चालले. व्हरांड्यातल्या लोकांचे पेले नंतर कचऱ्याच्या पिशवीत गोळा होत आणि पुढच्यांचे मऊ फडक्याने पुसून पेटीत ठेवले जात. शेवटी तोडणीवरच्या एका तरुणाने पाळकांना हसत विचारले, "साहेब, आमचा पेला धुवायला जड जातो का?" त्याच्या बोलण्यात राग नव्हता. पाळकांनी पुढच्या रविवारी याकोबाचा दुसरा अध्याय वाचायला घेतला आणि प्रवचन फार लांबवले नाही.

यावरून संच विकणाऱ्यांना आणि घेणाऱ्यांना माझी सूचना अशी की पेले मिसळू नयेत. पैसे कमी असतील तर सगळ्यांसाठी प्लास्टिकचे घ्यावेत, पाळकांसह. काचेचेच हवे असतील तर सर्वांना पुरतील इतके जमेपर्यंत थांबावे. दुकानदाराकडे स्टीलचे लहान पेलेही असतात. ते फुटत नाहीत, उकळत्या पाण्यात धुता येतात आणि किमतीतही फार फरक नाही. आमच्यासारख्या मंडळीला तेच सर्वांत योग्य ठरले असते. त्यांत रसाचा रंग दिसत नाही, ही एक नावड काही भगिनींनी सांगितली, आणि ती रास्त आहे.

याच दुकानात मुलाम्याचा संचही मिळतो. सोनेरी रंगाची ताटे आणि त्यांच्यासोबत पाळकांसाठी उंच दांड्याचा निराळा, नक्षीचा प्याला. किंमत स्टीलच्या जवळपास दीडपट. मला तो घेण्याचे काही कारण दिसत नाही. मुलामा वर्षा-दोन वर्षांत कडेला उडतो, आणि मेजावर एक प्याला इतरांहून भारी ठेवून मग सर्व समान असल्याचे प्रवचन करणे अवघड जाते. ज्या मंडळ्यांत एकच मोठा प्याला सर्वांसाठी असतो तिथे तो कितीही सुंदर असो, कारण तो सर्वांचा असतो. इथे मात्र तो एकाचाच.

कोरीव नावाची सेवा फुकट आहे आणि म्हणूनच धोक्याची आहे. ताटाच्या कडेवर दात्याचे नाव, "यांच्या स्मरणार्थ" अशा अक्षरांत, सुबक कोरून मिळते. आपल्या मंदिरांतील बाकांवर, घड्याळांवर, एवढेच काय पंख्याच्या पात्यांवरसुद्धा नावे असतात, आणि पंखा फिरत असेपर्यंत त्याचा कोणाला उपद्रव नाही. ताटाचे तसे नाही. प्याला उचलताना माणसाची नजर ताटावरच असते, आणि त्या क्षणी त्याने कोणत्या कुटुंबाची ऐपत वाचावी, हे मला पटत नाही. आमच्या लिलावात कोणी बोकडाला मोठी बोली लावली होती, कोणी एका कोहळ्याला चढवत नेले होते, आणि एका विधवा बाईने चार अंडी आणून दिली होती जी कोणीतरी विकत घेऊन तिलाच परत केली. कोणाचे नाव कोरायचे? सुदैवाने कमिटीने कडा कोरी ठेवली.

बंद पेल्यांविषयी थोडक्यात. एका प्लास्टिकच्या पेल्यात रस आणि वरच्या पापुद्र्याखाली पातळ भाकर, असे दुहेरी झाकणाचे तयार पेले करोनाकाळात सर्वत्र आले आणि अजून विकले जातात. स्वच्छ आहेत, साठवायला सोपे आहेत. पण पापुद्रा सोलणे वृद्धांना घट्ट भोकांहूनही कठीण जाते, संपूर्ण मंदिरात चुरचुर आवाज होतो, आणि दारातच प्रत्येकाने आपला पेला उचलून घ्यायचा असल्याने कोणी कोणासाठी ताट धरत नाही. अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी नेण्यापुरते ते ठेवावेत. नियमित वापराला मी त्यांची शिफारस करणार नाही.

पंक्तीभेदाची गोष्ट मोठ्या प्रेषितालाही चुकली नाही, हे या संदर्भात आठवते. कैसरियात कर्नेल्य या रोमी अधिकाऱ्याच्या घरी देव पक्षपाती नाही असे बोलून दाखवणारा पेत्रच पुढे अंत्युखियात यरुशलेमेहून काही लोक आले तेव्हा परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्यांच्या, पंगतीतून हळूच उठला. पौलाने त्याला सर्वांदेखत अडवले. दोघांचा वाद सिद्धान्ताचा नव्हता, कोण कोणाबरोबर जेवते याचा होता.

तेव्हा शिफारस अशी : उथळ भोकांचे स्टीलचे ताट घ्यावे, पेले एकाच जातीचे घ्यावेत, मुलामा आणि कोरीव नाव नाकारावे. पेल्यांची संख्या मंडळीच्या पटावरून ठरवू नये; हंगामातल्या सर्वांत गर्दीच्या रविवारची उपस्थिती धरून वर दोन डझन जास्त घ्यावेत आणि ते त्याच साच्यातले असल्याची खात्री करावी, कारण काही महिन्यांनी तोच नमुना मिळेलच असे नाही. वाटपाच्या वेळी ताटांची चळत दर महिन्याला उलटी लावावी, म्हणजे एकदा वाटप पुढून सुरू होईल आणि एकदा व्हरांड्यातून. आमच्याकडे आता असेच करतात. प्लास्टिकचे उरलेले पेले रविवार शाळेच्या मुलांनी रंग कालवायला नेले आहेत, आणि त्यांच्या जागी स्टीलचे चाळीस पेले मागवण्याचा ठराव पुढच्या सभेत यायचा आहे.